लिस्बनच्या बॅगेत कोणकोणत्या लेन्स?

फोंड्याहून एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पत्र आले आहे. दिवाळी आटोपताच, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ते सपत्नीक लिस्बनला कन्येकडे जात आहेत. जावई तिथेच नोकरीला आहेत आणि नात तीन वर्षांची आहे. चौदा दिवसांच्या मुक्कामात लिस्बन, सिंत्रा आणि तीन दिवस पोर्तो ठरलेले आहे. नाझारेच्या लाटा ‘जमल्यास’ पाहायच्या आहेत. त्यांच्याकडे कॅननचा २००डी कॅमेरा आहे आणि लेन्स पाच आहेत: १८-५५, ५५-२५०, १०-१८, ५० एफ १.८ आणि १०० मिमीची मॅक्रो (हे आकडे फोकल लेन्थचे, मिलिमीटरमध्ये; आकडा लहान तितके दृश्य अधिक रुंद म्हणजे वाइड, मोठा तितके लांबचे जवळ). ते लिहितात, “मुलगी फोनवर सारखी सांगते, बाबा, एवढे ओझे आणू नका. पण एखादी लेन्स घरी ठेवली आणि नेमकी तीच तिथे लागली तर, या विचाराने काहीच ठरत नाही. सगळ्या घरी ठेवून एकच १८-२०० नवी घ्यावी का?”

सप्रेम नमस्कार.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात खर्च गुंतलेला आहे. नवी लेन्स घेऊ नका. आपल्याकडे आहेत त्यांपैकी १८-५५, १०-१८ आणि ५० या तीन लेन्स न्या. मॅक्रो घरी ठेवा. आणि ५५-२५० चा निर्णय नाझारेवर सोपवा, त्याविषयी पुढे लिहितो. आपल्या पाचही लेन्स आणि बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, मिळून वजन दोन किलोंच्या आसपास भरते. या तीन लेन्स आणि बॉडी मिळून ते एक किलो आणि थोडे वर, एवढेच राहते. मात्र मी ही निवड वजनाकडे पाहून केलेली नाही. आपण ज्या गावांना आणि ज्या महिन्यात जात आहात, तिथे दोन गोष्टी अपुऱ्या पडणार आहेत, एक म्हणजे मागे सरकायला जागा आणि दुसरी म्हणजे उजेड. या दोन्हींवर उपाय असलेल्या लेन्स बॅगेत हव्यात, लांबचे जवळ आणणाऱ्या लेन्सची तिथे तितकी निकड नाही.

माझ्या शब्दावर विसंबण्याआधी एक काम करा. गेल्या वर्षी हंपीला काढलेले फोटो संगणकात आहेत असे आपण लिहिले आहे. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती फोकल लेन्थवर काढला त्याची नोंद असते. तासभर बसून नुसता तो आकडा पाहत जा. नेमके १८ वर काढलेले फोटो बरेच निघाले, तर त्याचा अर्थ असा की आपल्याला आणखी वाइड हवे होते आणि लेन्स तिथेच संपली. नेमके ५५ वर बरेच निघाले, तर आपला हात पुढे जाऊ पाहत होता. आणि ५५-२५० ने काढलेल्यांपैकी किती फोटो आपण छापून घेतले किंवा कुणाला पाठवले, तेही मोजा. माणसाला आठवतात ते फोटो आणि माणूस प्रत्यक्षात काढतो ते फोटो यांत बरेच अंतर असते, असा माझा अनुभव आहे. हंपीचा दगडी रथ मोकळ्या प्रांगणात उभा आहे, मागे हवे तितके सरकता येते. तरीही तिथे जर आपण वारंवार १८ वर अडकला असाल, तर लिस्बनला काय होईल याचा अंदाज आपल्याला सहज येईल.

लिस्बनचा आल्फामा हा जुना भाग म्हणजे चढउतारांच्या, पायऱ्यांच्या अरुंद गल्ल्या. समजा गल्ली तीन मीटर रुंद आहे आणि आपण एका भिंतीला पाठ लावून समोरच्या घराचा फोटो काढत आहात. आपल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर १८ मिमीने समोरची जेमतेम पावणेचार मीटर भिंत मावते. १० मिमीने पावणेसात मीटर मावते. दरवाजा, त्यावरची बाल्कनी, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे आणि खाली उंबऱ्यावर बसलेली आजी हे सगळे एका चौकटीत हवे असेल, तर १०-१८ ला पर्याय नाही. पोर्तोचा नदीकाठचा रिबैरा भागही असाच दाटीवाटीचा आहे.

या लेन्सचा एक धोकाही सांगतो, कारण तो ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण ती वापरणेच सोडून देतात. उंच इमारत मावावी म्हणून कॅमेरा वर रोखला, की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते आणि उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. लेन्स जितकी वाइड, तितके हे अधिक जाणवते. त्यासाठी कॅमेरा वर न रोखता क्षितिजाशी समांतर धरायचा, १० मिमीवर उभी चौकट घ्यायची आणि खालचा रस्त्याचा नको असलेला भाग घरी आल्यावर कापून टाकायचा. आपल्या कॅमेऱ्याचे रिझोल्यूशन २४ मेगापिक्सेलचे आहे. एक तृतीयांश भाग कापला तरी मोठी प्रत उत्तम निघते. याचा सराव करायला लिस्बन गाठण्याची गरज नाही. एका रविवारी पहाटे कदंब बसने पणजीला या आणि फोंताइन्हासच्या गल्ल्यांत दोन तास नुसती १०-१८ लावून फिरा. तिथल्या घरांचे रंग, खिडक्या आणि गल्ल्यांची रुंदी यांवरून आपल्याला पुढचा बराच अंदाज येईल. मात्र ती राहती घरे आहेत. दारात कुणी उभे असेल तर आधी विचारा. आल्फामातही तसेच वागा.

१८-५५ विषयी फार लिहायला नको. ती बॉडीवरच राहील, दिवसाउजेडी निम्म्याहून अधिक फोटो तीच काढील, आणि साधारण २५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येत असल्यामुळे ताटलीतले पास्तेल द नाता असो की टाइलवरचे एखादे फूल, त्यासाठीही ती पुरेशी आहे. मॅक्रो घरी ठेवा असे मी म्हटले ते यामुळेच. मुंगीचे डोळे टिपायला ती लेन्स अप्रतिम आहे. पण बायको, मुलगी आणि नात पुढे चालत असताना पानावरच्या किड्यासाठी वीस मिनिटे थांबणे या प्रवासात आपल्याला जमणार नाही, आणि जमू नये.

आता ५० मिमी. ही आपल्या संचातली सर्वांत हलकी लेन्स, वजन जेमतेम १६० ग्रॅम, आणि माझ्या मते या प्रवासात तिचेच मोल सर्वांत अधिक. पोर्तुगालमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात. त्यामुळे आपण पोहोचाल तेव्हा लिस्बनला साडेपाचच्या सुमारासच सूर्य मावळत असेल. जेवून-खाऊन, नातीची दुपारची झोप होऊन, सगळे बाहेर पडेपर्यंत दिवस कलायला लागलेला असेल. शिवाय आपण नातीला भेटायला जात आहात. तिचे खरे फोटो घरातच निघतील, स्वयंपाकघराच्या दिव्याखाली किंवा झोपण्यापूर्वी आजीच्या मांडीवर.

१८-५५ चे अपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे भोक, ५५ ला एफ ५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा लहान तितके भोक मोठे) आणि ५० चे एफ १.८ पर्यंत. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण आत येणाऱ्या प्रकाशात तो जवळजवळ दहापट आहे. ज्या उजेडात ५० वर १६०० आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) पुरतो, तिथे तोच शटर स्पीड ठेवायचा तर १८-५५ वर सुमारे १६,००० आयएसओ लागेल आणि चेहरा दाणेदार होऊन जाईल. आपण लिहिता की १८-५५ मध्ये हात हलण्यावर उपाय करणारी यंत्रणा आहे. ती आहे आणि चांगलीही आहे. देवळाचा खांब, चर्चची कमान अशा स्थिर वस्तूंसाठी ती फार उपयोगी पडते. पण ती आपल्या हाताचे हलणे थांबवते, तीन वर्षांच्या मुलीचे हलणे थांबवत नाही. त्यासाठी शटर १/१२५ सेकंद, शक्यतो १/२५० हवे आणि तेवढे शटर या उजेडात ५० च देऊ शकते. एक मर्यादा ध्यानात ठेवा. आपल्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर ५० ही लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरच्या ८० मिमीसारखी वागते. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर चार-साडेचार मीटर मागे जावे लागते, आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये तेवढी जागा नसते. तेव्हा घरात तिच्याकडून चेहरा, हात, खांद्यापर्यंतचे माणूस एवढीच अपेक्षा ठेवा.

आपण जाण्याआधी नरकासुराची रात्र, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर नरकासुराच्या प्रतिमा मिरवतात ती, येणारच आहे. त्या रात्री ५० लावून फोंड्याच्या रस्त्यावर उतरा. अंधार, मध्येच झगझगीत दिवे, नाचणारी मुले, धक्काबुक्की. एफ २, १/१२५, आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा आणि पडद्यावर मोठे करून पाहत जा की नेमका डोळा फोकसमध्ये आहे की कान. एफ १.८ वर फोकसची खोली इतकी कमी असते की जवळून घेतलेल्या चेहऱ्यात नाक स्पष्ट आणि डोळे धूसर अशी चूक सहज होते. ती चूक इथे करून घ्या. घरी देवघरात समईच्या उजेडात पत्नीचा फोटो काढून पाहा. तेवढ्या प्रकाशात हात किती स्थिर राहतो ते कळेल.

चर्च आणि मठांमध्येही हीच लेन्स उपयोगी पडेल. लिस्बनच्या बेलेंमधला जेरोनिमोस मठ आपण पाहणारच; त्याचे बांधकाम १५०१ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या चर्चमध्ये व्हास्को द गामाचे थडगे आहे. आतले खांब खूप उंच आहेत आणि उजेड मंद. तिथे छतासाठी १०-१८ आणि थडग्यावरच्या कोरीव कामासाठी ५०, अशी अदलाबदल करावी लागेल. अशा ठिकाणी ट्रायपॉड आणि फ्लॅशला बहुधा मनाई असते, तेव्हा ट्रायपॉड नेऊ नका. खांबाला खांदा टेकवून, श्वास रोखून, एकापाठोपाठ तीन-चार फोटो काढा. त्यांतला एक तरी स्थिर येतो.

आझुलेजो, म्हणजे निळ्या-पांढऱ्या रंगवलेल्या टाइल्स, हा पोर्तुगालमधला माझ्या सर्वाधिक आवडीचा विषय, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. पोर्तोच्या सांव बेंतो रेल्वे स्थानकाच्या दालनात सुमारे २०,००० टाइल्सवर इतिहासातले प्रसंग चितारलेले आहेत, आणि ते काम जोर्ज कोलासो या चित्रकाराचे आहे. याच चित्रकाराच्या टाइल्स आपल्या पणजीत, इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात, भिंतींवर आहेत. त्यांवर व्हास्को द गामाच्या सागरप्रवासावरील पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग आहेत. तिथून आपण किती वेळा गेला असाल! आता एकदा कॅमेरा घेऊन जा. टाइल्सना काचेसारखी झिलई असते आणि दाराचा उजेड त्यांवर पांढऱ्या डागासारखा उमटतो. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावून, भिंतीसमोर अगदी काटकोनात उभे न राहता जरा तिरपे उभे राहून, फिल्टरची कडी हळूहळू फिरवा. एका जागी तो पांढरा डाग विरघळल्यासारखा नाहीसा होतो आणि खालची निळी रेषा, ब्रशचा फटकारासुद्धा, वर येते. समोरासमोर उभे राहून हा परिणाम साधत नाही, हे स्वतः पाहिले की कायमचे लक्षात राहते. फिल्टर ५८ मिमीचा घ्या, तो आपल्या १८-५५ ला बसतो आणि तोच ५५-२५० लाही चालतो. १०-१८ ला फिल्टरचा व्यास ६७ आहे, पण तिच्यासाठी पोलरायझर घेऊच नका. इतक्या वाइड लेन्सवर आभाळाचा एक तुकडा गडद आणि बाकीचे फिके असे विचित्र दिसते. पोलरायझर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), म्हणून काम झाले की काढून ठेवायचा.

५५-२५० चे बोलू. लिस्बनच्या टेकड्यांवरच्या सज्जांवरून, ज्यांना तिथे मिरादोरू म्हणतात, समोरचा किल्ला जवळ आणायला ती बरी. चढावर वळण घेणारी पिवळी ट्राम आणि तिच्यामागे एकावर एक रचल्यासारखी घरे हे चित्रही तिनेच छान येते. पण अशी चित्रे चौदा दिवसांत पाच-सहा मिळतील, आणि त्यांसाठी रोज ३७५ ग्रॅम खांद्यावर घेऊन चढ चढणे मला तरी पटत नाही. नाझारेची गोष्ट वेगळी आहे. लिस्बनच्या उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवरचे हे गाव. तिथे समुद्रतळाशी एक खोल घळ थेट किनाऱ्याजवळ येते, त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च या काळात प्रचंड लाटा उठतात आणि त्यांवर स्वार होणारे खेळाडू जगभरातून येतात. दीपगृहाच्या किल्ल्यावरून पाहताना तो माणूस लाटेवर टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो. ५५ मिमीने तो दिसणारच नाही. तेव्हा नाझारेचा दिवस पक्का असेल तर ही लेन्स न्या, इतर दिवशी ती कन्येच्या घरी राहू द्या. ‘जमल्यास’ म्हणजे बहुधा जमत नाही, हे आपणही जाणता; तसे असेल तर ती नेऊ नका. चोडणला पक्षी पाहायला जाल तेव्हा ती हवीच आहे.

१८-२०० विषयी एवढेच, की तिचे वजन ६०० ग्रॅमच्या जवळ जाते, आणि ती जागेचा व उजेडाचा हे दोन्ही प्रश्न तसेच ठेवते. १८ पेक्षा वाइड ती होत नाही, आणि पुढे गेली की अपर्चर ५.६ वर येते.

रोज घरातून निघताना फक्त दोन लेन्स घ्या. सकाळी जुन्या वस्तीत जायचे असेल तर १८-५५ आणि १०-१८. संध्याकाळी किंवा नातीबरोबर बागेत जायचे असेल तर १८-५५ आणि ५०. पहिले तीन-चार दिवस आपल्याला पहाटे चारलाच जाग येईल, कारण तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्या वेळी जावयांना बरोबर घेऊन बाहेर पडा. दिवसा माणसांनी गजबजलेल्या गल्ल्या तेव्हा रिकाम्या असतात. विमानातून उतरल्यावर कॅमेऱ्याचे घड्याळही बदला, नाहीतर सगळे फोटो चुकीच्या वेळेने लागतील.

लेन्स बदलण्याविषयी माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो. एका परदेश प्रवासात समुद्रकाठच्या कड्यावर, वारा सुटलेला असताना, घाईघाईने मी लेन्स बदलली. वाळूचा बारीक कण सेन्सरवर बसला आणि उरलेल्या चार दिवसांच्या प्रत्येक फोटोत, आभाळात एकाच जागी, करडा ठिपका आला. मला तो घरी परतल्यावर दिसला. आपण काबो द रोकाला, युरोपच्या मुख्य भूमीच्या पश्चिम टोकाला, गेलात तर तिथे वारा जोराचा असेल. गाडीत बसूनच लेन्स लावा आणि परत गाडीत येईपर्यंत ती बदलू नका. दर संध्याकाळी एफ १६ वर मोकळ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोकस न केलेला फोटो काढून तो मोठा करून पाहा. ठिपका असेल तर दिसेल. नोव्हेंबर हा तिथे पावसाचा महिना आहे, आणि आपली बॉडी वा लेन्स पाण्यापासून सुरक्षित नाहीत. आपल्या पावसाळ्यात आपण जसे करतो तसे, एक जाड प्लास्टिकची पिशवी आणि एक जुना सुती पंचा बॅगेत असू द्या.

सगळ्या लेन्स आणि कॅमेरा हातातल्या बॅगेतच न्या, चेक-इन सामानात मुळीच नको. सुट्या बॅटऱ्या तर नियमानेच केबिनमध्ये न्याव्या लागतात. त्यांची धातूची टोके झाकलेली ठेवा. जाताना विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्यांना सामान दाखवून, सीरियल नंबरांसह निर्यात प्रमाणपत्र करून घेता येते. ते असले की परतताना ‘हे बाहेरून विकत आणले का’ हा प्रश्न उरत नाही. बिलांच्या प्रती जवळ ठेवा. पोर्तुगालमध्ये आपल्यासारखीच २३० व्होल्टची वीज आहे, आणि आपल्या चार्जरची दोन गोल टोकांची पिन असेल तर ती तिथे बसते. लिस्बनच्या ट्राम क्रमांक २८ मध्ये गर्दीत खिसेकापू असतात, म्हणून बॅग पोटाशी धरा.

शेवटी एक काम आजच करण्यासारखे. आपल्याकडचा पावसाळा नुकताच सरला आहे, आणि लेन्स कपाटात होत्या असे आपण लिहिले आहे. प्रत्येक लेन्स दोन्ही बाजूंची झाकणे काढून, अपर्चर उघडे ठेवून, मोबाइलच्या टॉर्चसमोर तिरपी धरा आणि आरपार पाहा. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. लेन्स दुरुस्तीला द्या आणि तोपर्यंत इतर लेन्सपासून वेगळी ठेवा. ज्या लेन्स घरी ठेवणार आहात त्या चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडे ओल धरते. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा स्वच्छ डबा घ्या, तळाशी ताज्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्यावर मॅक्रो आणि, नाझारे रद्द झाले असेल तर, ५५-२५० उभी ठेवा आणि झाकण लावा.